नाशिकमधल्या वंचित वस्त्या कशा शोधायच्या: गल्लीपासून यादीपर्यंत

नाशिकमध्ये सकाळी घंटागाडीचा आवाज आला की घराघरांतून कचऱ्याच्या बादल्या बाहेर येतात. पण या शहरात अशाही गल्ल्या आहेत जिथे आवाज ऐकू येतो आणि गाडी दिसत नाही. ती मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी थांबते. आतली बाई चिखल तुडवत तिथवर पोचेपर्यंत गाडी पुढच्या चौकात गेलेली असते आणि बादली शेवटी नाल्यात रिकामी होते. कागदावर मात्र त्या भागाला घंटागाडी आहे.

मी गेली काही वर्षं वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचं काम करतो आहे. गरिबी शोधताना शहर नेमकं कुठे चुकतं, हे मला या बादलीमुळे कळलं. आपण भागाची नोंद पाहतो, गल्ली पाहत नाही. मग निधी येतो, खर्चही होतो, पण तो मोठ्या रस्त्यापाशीच संपतो. हा लेख एखादी संस्था, महाविद्यालयाचा गट, नगरसेवक किंवा वस्तीतलं मंडळ यांच्यासाठी लिहिला आहे. आठ-दहा माणसं आणि तीन महिने हाताशी असले तर एका विभागाचं काम नीट होतं. सगळं शहर एकदम हातात घेऊ नका.

पहिली पायरी: झोपडपट्ट्यांची यादी घ्या, पण तिच्यावर थांबू नका

२०११च्या जनगणनेने झोपडपट्टीचे तीन प्रकार धरले होते. कायद्याने घोषित केलेल्या, शासनाने किंवा पालिकेने मान्य केलेल्या पण घोषित न झालेल्या, आणि प्रगणकांनी जागेवर जाऊन ओळखलेल्या. तिसऱ्या प्रकारासाठी किमान ३०० लोकवस्ती किंवा साठ-सत्तर दाटीवाटीची कच्ची घरं अशी अट होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण अघोषित वस्तीसाठी किमान २० कुटुंबं धरतं. महाराष्ट्रात घोषणेला आधार १९७१च्या झोपडपट्टी सुधारणा कायद्याचा. म्हणजे एकाच वस्तीला एक खातं झोपडपट्टी म्हणेल आणि दुसरं म्हणणार नाही. पुलाखाली पंधरा पालं असतील तर ती कुणाच्याच यादीत येणार नाहीत.

नाशिकमध्ये यादीबाहेर राहणारी वंचना बरीच आहे, म्हणून तिची ठिकाणं आधीच लिहून ठेवा. जुन्या नाशकातले मोडकळीला आलेले वाडे घ्या. पावसाळ्यापूर्वी त्यांना धोकादायक इमारतीची नोटीस जाते, भाडेकरू मात्र तिथेच राहतात, कारण जुनं भाडं सोडून दुसरीकडे जाणं परवडत नाही. काझीच्या गढीवर पाऊस वाढला की माती ढासळण्याची भीती असते. चुंचाळ्यासारख्या घरकुल वसाहतींना पक्कं छप्पर आहे, पण तिथे आलेल्या अनेक बायकांची धुण्याभांड्यांची कामं जुन्या वस्तीजवळच राहिली. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांभोवती दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. एका खोलीत चार-पाच कामगार पाळीपाळीने झोपतात. आडगाव, मखमलाबाद, पाथर्डी, चेहेडी ही मूळची खेडी. महापालिका १९८२ मध्ये झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिकांबरोबर भोवतालची गावंही शहरात आली. त्यांच्या गावठाणाच्या मागच्या बाजूला आजही शहर पुरतं पोचलेलं नाही. शिवाय पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून बांधकामावर आलेल्या आदिवासी कुटुंबांची पालं दर हंगामात जागा बदलतात.

याची दुसरी बाजूही खरी आहे. घोषित झोपडपट्टीतल्या काही गल्ल्यांत काँक्रीटचा रस्ता, घरोघरी नळ आणि शौचालय झालेलं असतं. त्यांना अडचणी नाहीत असं नाही, पण पहिला हात तिथे द्यायचा की शेजारच्या नाल्याकाठच्या गल्लीत, हे मोजूनच ठरवायला हवं.

दुसरी पायरी: मोजायचा तुकडा लहान ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

२०११ मध्ये शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या आसपास होती. २०१७च्या निवडणुकीत प्रभाग होते ३१. म्हणजे एका प्रभागात सरासरी ४८ हजार माणसं. समजा अशा एका प्रभागात ९,६०० घरं आहेत आणि त्यातल्या ६०० घरांत शौचालय नाही. प्रमाण निघतं सव्वासहा टक्के. अधिकारी म्हणतील, प्रभाग चांगला आहे. पण ती सहाशे घरं एकाच सातशे घरांच्या वस्तीत असतील तर तिथलं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर जातं. आकडा तोच, फक्त सीमारेषा बदलली.

ज्या देशांनी ही कामं आधी केली, त्यांनी म्हणूनच तुकडे लहान केले. इंग्लंडचा वंचना निर्देशांक साधारण दीड हजार लोकवस्तीच्या तुकड्यांवर काढतात. त्यात उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हे, घर व सेवांपर्यंत पोच आणि परिसर अशी सात अंगं असतात. फ्रान्सने २०१४ मध्ये जुन्या किचकट याद्या बाजूला ठेवून शहराच्या नकाशावर २०० मीटरचे चौकोन आखले आणि रहिवाशांचं उत्पन्न हा एकच निकष लावून प्राधान्याच्या वस्त्या ठरवल्या. फ्रान्सची रीत सोपी आणि पारदर्शक आहे, पण आपल्याला ती उचलता येणार नाही. तिथे प्रत्येक घराच्या उत्पन्नाची कर खात्याकडे नोंद असते. आपल्याकडे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचं उत्पन्न कुठल्याच दप्तरात नसतं. आपल्याला इंग्लंडसारखी अनेक अंगं आणि फ्रान्ससारखा लहान तुकडा, असं मिश्रण लागेल.

माझा सल्ला शंभर ते दीडशे घरांचा. जनगणनेचा प्रगणक गटही साधारण एवढाच असतो, त्यामुळे पुढे नवी जनगणना आली की आकडे ताडून पाहता येतील. सीमा प्रभागाच्या रेषेवरून आखू नका. नाला, मोठा रस्ता, कंपनीची भिंत, रेल्वेलाइन, पाण्याच्या लाइनीचं टोक अशा जागेवर दिसणाऱ्या खुणांवरून आखा. लोकांना विचारा, "तुमची गल्ली कुठपर्यंत?" ते बोट दाखवतील तीच खरी सीमा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या आणि वस्तीच्या नावाबरोबर लिहा. तोच क्रमांक शेवटपर्यंत बदलू नका.

तिसरी पायरी: टेबलावरचं काम

वस्तीत शिरण्याआधी दोन-तीन आठवडे कागदांना द्या. पालिकेच्या पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर या सहा विभागीय कार्यालयांपैकी तुमच्या कार्यालयातून झोपडपट्ट्यांची यादी, नळकनेक्शनांची संख्या, सार्वजनिक शौचालयांची यादी आणि धोकादायक घरांची यादी मागा. तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाका. रास्त भाव दुकानात पिवळी आणि केशरी कार्डं किती, हे बघा. शहरी भागात अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये आहे. मात्र एक धोका ओळखा: जिथे परगावची माणसं जास्त, तिथे कार्डंच कमी असतात. कार्ड कमी म्हणजे गरिबी कमी, असा अर्थ काढलात तर सगळ्यात गरीब वस्ती यादीतून गळेल.

मतदार यादीचे भागही उपयोगी पडतात. एकेक भाग हजार-बाराशे मतदारांचा असतो आणि वर गल्ल्यांची नावं दिलेली असतात. फक्त गल्ल्यांची नावं घ्या, माणसांची नकोत.

जनगणनेचे आकडे २०११चे आहेत हे विसरू नका. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मधल्या काळात पाथर्डी फाटा आणि आडगावच्या बाजूला शहर किती पसरलं, हे नाशिककरांना सांगायला नको. जुना आकडा दिशा दाखवायला वापरा, निर्णयाला नाही.

मग उपग्रहाचा नकाशा उघडा. मोबाइलवर किंवा संगणकावर फुकट मिळणारा चालतो. लहान, एकमेकांना चिकटलेली छपरं, निळी ताडपत्री, मधून रस्ता न दिसणारे ठिपके यांना खुणा करा. गोदावरीचा काठ नीट पाहाच, पण नंदिनी, वाघाडी आणि वालदेवी यांचे काठ आणखी बारकाईने पाहा. पूररेषेचा नकाशा मिळवून वर ठेवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं प्रत्येक घर वेगळ्या रंगाने दाखवा. २००८, २०१६ आणि २०१९ला पाणी कुठवर आलं होतं, हे काठावरची माणसं भिंतीवर हात ठेवून सांगतात. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी आलं की आपल्या दारात येतं, हेही त्यांना ठाऊक असतं.

चौथी पायरी: काय मोजायचं

बारा प्रश्न पुरे. त्याहून जास्त घेतले की भरणारा कंटाळतो आणि उत्तरं अंदाजपंचे येतात. मी ते चार गटांत ठेवतो: पाणी-स्वच्छता, घर-जागा, आरोग्य-शिक्षण, काम.

पाण्याबद्दल "नळ आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं, आणि किती पिंपं भरतात, हे विचारा. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण सांगितलेलं आहे. पाच माणसांच्या घराला ते पावणेसातशे लिटर होतं, म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपं भरून वर काही हंडे. जिथे एकच पिंप भरतं, तिथे नळ असूनही पाणी नाही. पहाटे चार वाजता पाणी येत असेल तर तेही नोंदवा, कारण ती झोप घरातल्या बाईची किंवा मुलीची मोडते.

शौचालयाचंही तसंच. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट हवी. तीनशे बायका ते वापरत असतील तर बारा सीटा लागतात. मोजताना फक्त चालू सीटा धरा: दाराला कडी आहे, आत पाणी आहे, दिवा लागतो, रात्री कुलूप नसतं. एका वस्तीत कागदावर दहा सीटा होत्या. आम्ही मोजल्या तेव्हा चार चालू निघाल्या, आणि रात्री दहानंतर एकही नाही. तिथल्या मुली संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचं टाळत होत्या. हे कुठल्याही छापील नमुन्यात येत नाही, म्हणून नमुन्याखाली दोन ओळी मोकळ्या ठेवाच.

घराच्या गटात तीन गोष्टी: खोलीमागे माणसं किती, वीजमीटर स्वतःचा आहे की शेजाऱ्याकडून वायर घेतली आहे, आणि पावसाळ्यात घरात पाणी किंवा दरड येण्याची भीती आहे का. आरोग्य-शिक्षणात सहा ते चौदा वयाची शाळेबाहेरची मुलं, पाच वर्षांखालची किती मुलं अंगणवाडीत येतात, पालिकेचा दवाखाना किती मिनिटांच्या चालीवर आहे, आणि सिटीलिंक बसचा थांबा किती लांब आहे.

कामाच्या गटात उत्पन्न विचारू नका. खरं उत्तर मिळत नाही आणि समोरच्याला कमीपणा वाटतो. "मागच्या महिन्यात हाताला किती दिवस काम मिळालं?" हे विचारा. माणूस बोटं मोजून सांगतो. त्याच्या जोडीला बायकांना विचारा, आठवड्याला कर्जाचे हप्ते किती जातात. दोन-तीन ठिकाणचे हप्ते एकदम चालू असतील तर त्या घराची परिस्थिती सांगायला दुसरा आकडा लागत नाही.

पाचवी पायरी: पायी फिरणं

प्रत्येक तुकड्यात तीन वेळा जा: पहाटे पाणी येतं तेव्हा, दुपारी, आणि रात्री नऊनंतर. दुपारी भेटतात ती फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं. नाका कामगार सकाळी सातलाच बाहेर पडलेला असतो.

पहिल्या दिवशी अर्ज भरू नका. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना भेटा. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाचं मूल सुकतंय, कुठलं कुटुंब मागच्या महिन्यात गावी परत गेलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण त्यांचंही एक क्षेत्र ठरलेलं असतं. दोन अंगणवाड्यांच्या हद्दीमधली घरं दोघींच्याही वहीत नसतात. ती तुम्हीच शोधायची. मग बायकांची एक बैठक घ्या आणि जमिनीवर खडूने वस्तीचा नकाशा काढायला सांगा. पुरुष आधी देऊळ आणि चौक काढतात, बायका आधी नळ आणि शौचालय. म्हणून ही बैठक वेगळीच घ्या.

घरोघरच्या प्रश्नांसाठी सगळी घरं घेता आली तर उत्तम. नाहीतर गल्लीच्या टोकापासून दर तिसरं घर धरा. बंद असेल तर शेजारचं घेऊ नका, संध्याकाळी परत जा. बंद घरं बहुतेक दोघंही कामाला जाणाऱ्या कुटुंबांची असतात, आणि ती सोडली की चित्र वाकडं होतं. चाळीस घरांच्या नमुन्यात टक्केवारी दहा-पंधरा अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून ५२ आणि ५८ टक्क्यांच्या दोन गल्ल्यांत वर-खाली लावू नका. २० आणि ७० मधला फरक मात्र खरा असतो.

फोटो काढताना माणसांचे चेहरे नकोत. आणि कुठलंही आश्वासन देऊ नका, "घरकुल मिळणार का?" असं विचारल्यावर तर नाहीच.

सहावी पायरी: गुण आणि क्रम

संगणकावर साधी सारणी पुरते. एका ओळीत एक तुकडा आणि बारा स्तंभ. प्रत्येक प्रश्नाला एक रेघ ठरवा. उदाहरणार्थ, निम्म्याहून जास्त घरांत दोन पिंपांपेक्षा कमी पाणी असेल तर तो तुकडा पाण्यात वंचित. रेघेखाली असेल तर १, नाहीतर ०. मग एकेका गटाला सारखं वजन द्या आणि बेरीज करा. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांकही याच विचाराने चालतो: तीन अंगं, १२ निर्देशक, आणि एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वजनाची वंचना असेल तर कुटुंब गरीब. पण तो जिल्ह्यापर्यंत उतरतो, गल्लीपर्यंत नाही.

नुसत्या सरासरीपासून जपा. तुकडा पाण्यात वंचित असला आणि बसथांबा जवळ असला तर सरासरी मध्यम येते, पण बसथांबा पिता येत नाही. म्हणून मी दोन रंग ठेवतो. एकूण गुणांवरून एक आणि पाणी, शौचालय किंवा पुराचा धोका यातलं एक जरी टोकाचं असेल तर वेगळा लाल रंग, बाकी गुण काहीही असोत.

वजनांवरून वाद होणारच, आणि व्हायलाही हवा. इंग्लंडमध्ये उत्पन्न आणि रोजगाराला प्रत्येकी साडेबावीस टक्के वजन आहे. आपण तसं करायलाच हवं असं नाही. तीन वेगवेगळ्या वजनांनी क्रम लावून बघा. तिन्ही वेळा पहिल्या दहात येणारे तुकडे ही तुमची पक्की यादी. वजन बदललं की उड्या मारणाऱ्या तुकड्यांत पुन्हा जा. त्यानंतर यादी आशाताई, घंटागाडीचा चालक आणि रेशन दुकानदार यांना दाखवा. ते म्हणाले, "अहो, यात अमुक गल्ली कशी नाही?" तर आकडा नाही, आधी तुमचा नमुना तपासा.

सातवी पायरी: कुठल्या उणिवेला कुठलं काम

यादीत पहिला आलेल्या तुकड्याला सगळ्या योजना द्यायच्या नसतात. एका तुकड्याला पाण्याची लाइन वाढवायची असते, दुसऱ्याला तुटलेल्या शौचालयाची देखभाल, तिसऱ्याला काहीच बांधायचं नसून अंगणवाडीची वेळ बदलायची असते. भाड्याच्या खोल्यांतल्या कामगारांना घरापेक्षा दवाखान्याची संध्याकाळची वेळ जास्त उपयोगी पडते. घरकुल वसाहतीला सकाळी साडेसहाची बस हवी असते. म्हणून प्रत्येक तुकड्यापुढे एकच पान करा: नकाशा, तीन मोठ्या उणिवा, जबाबदार खातं, अंदाजे काम.

सगळे गरीब गरीब वस्तीत राहत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. गंगापूर रोडच्या सोसायटीतला वॉचमन जिन्याखालच्या खोलीत राहतो आणि कुठल्याच तुकड्यात लाल दिसत नाही. गटार, दिवे, पाणी ही कामं वस्ती पाहून करा. पेन्शन, रेशन, शिष्यवृत्ती ही माणूस पाहूनच द्यावी लागते.

महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं. तोवर खात्यांचे प्रस्ताव तयार झालेले असतात, म्हणून तुमची पानं नोव्हेंबरपर्यंत विभागीय कार्यालयात आणि प्रभाग समितीकडे पोचायला हवीत. पोच घ्या, शिक्का घ्या.

यादी जपून ठेवा

हे मी शेवटी लिहितो आहे, पण करायचं पहिल्या दिवसापासून. वंचित गल्ल्यांचा तपशीलवार नकाशा हा अतिक्रमणं हटवण्याचाही नकाशा होऊ शकतो. कुंभमेळ्याच्या कामांसाठी नदीकाठची जागा मोलाची झाली आहे, तेव्हा ही भीती नुसती कल्पनेतली नाही. म्हणून जाहीर यादीत तुकड्याचं नाव आणि आकडे द्या. घरांचे नेमके ठिपके, कुटुंबांची नावं, जात-धर्म, वीज कशी घेतली आहे हे देऊ नका. मूळ अर्ज दोघांकडेच कुलपात ठेवा. आणि यादी पालिकेकडे जाण्याआधी वस्तीत वाचून दाखवा. काही गोष्टी लोक काढायला सांगतील. त्या काढा.

एक वर्षाने त्याच बारा प्रश्नांसह, त्याच क्रमांकाच्या तुकड्यात, त्याच महिन्यात परत जा. मे महिन्यातलं पाणी आणि ऑगस्टमधलं पाणी यांची तुलना होत नाही. पहाटे पिंपं मोजा, चालू सीटा मोजा आणि सकाळी गल्लीच्या आतल्या टोकाला उभं राहून बघा, घंटागाडी आता कुठवर येते.